रिकामा खिळा

१२ जून

टिल्ल्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. कागदाच्या कारखान्यात निम्मं आयुष्य गेलं, तरी घरात एक कोरा कागद मिळायला आईची पेटी उपसावी लागली. अक्षर किडामुंगीसारखं आलंय, कारण डाव्या हाताने लिहितेय. उजवा कुठे गेला ते तुला ठाऊक आहे. बटण तू दाबलंस आणि टाकीतल्या पात्यांनी तो मनगटापासून नेला. एकदा लिहून टाकलं, आता पुढचं बोलायला बरं.

सांगायचं एवढंच, की इकडे पाऊल ठेवू नकोस. लोकांचं ठरलंय. तू गेटाशी दिसलास की पट्ट्यावर आडवा घालायचा आणि रद्दीबरोबर टाकीत सोडायचा. तू त्यांना वर्गात बसलेलं पाहिलंस, रागावलेलं पाहिलं नाहीस. म्हणजे, थोडं पाहिलंस. त्या दिवशी आवारात तुझ्या भाऊजींनी लोखंडी रूळ घेऊन तुला तुडवला, तेव्हा एकही जण मधे पडला नाही. मी पडले असते की नाही, मला माहीत नाही. मी टेम्पोत होते, हात टॉवेलात गुंडाळून, आणि हा टॉवेल कुणाचा, खराब होतोय, असं सगळ्यांना विचारत होते म्हणे. तुझा एक दात झाडणाऱ्या बाईला सापडला. तिने तो दवाखान्यात मला आणून दिला, जवळची नातेवाईक म्हणून. मी काही तो फेकला नाही. पण त्यावरून हुरळून जाऊ नकोस.

मला तुझा राग आहे. सकाळी केस विंचरायची वेळ आली, आईने कंगवा हातात घेतला, की इतका राग येतो की तू समोर असतास तर दातांनी फाडला असता. धाकटा भाऊ म्हणून कडेवर घेऊन फिरवला होता तुला. त्या वेळी विहिरीत टाकायला हवा होता.

तो खिळ्यांचा फळा राहिला असता तर हे झालं नसतं. टाकीच्या तोंडाशी होता बघ, लाकडी, तुझ्या डोळ्यांदेखत साहेबांनी उतरवला तो. प्रत्येकाचा एक खिळा आणि खिळ्यावर ज्याचा त्याचा पितळी बिल्ला. रद्दीतल्या तारा आणि प्लास्टिक पात्यांना गुंडाळलं की कुणीतरी टाकीत उतरून ते कापायचं. उतरणारा आपला बिल्ला काढून गळ्यात घालणार, आणि वर आला की स्वतःच्या हाताने परत लावणार. दुसऱ्याचा बिल्ला दुसऱ्याने लावायचा नाही. खिळा रिकामा म्हणजे आत माणूस, आणि आत माणूस म्हणजे बटणाला हात नाही, मग मालक येवो नाहीतर मालकाचा बाप. मी मुकादम झाले तेव्हा मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच.

मग तू आलास, नवा शर्ट घालून, तुझी सिस्टीम घेऊन. उतरताना कार्ड टेकवा, स्क्रीन लाल. वर आल्यावर टेकवा, स्क्रीन हिरवी. वरच्या काचेच्या खोलीत बसलेला माणूस रंग बघून यंत्र चालू करणार. वर्गात तू हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं दाखवलीस आणि म्हणालास, "बदलाला घाबरू नका." मागे घुम्या झोपला होता. घुम्या जागा असतानाही बोलत नाही, त्यामुळे तुला फरक कळला नाही.

त्या दिवशी मी आत होते आणि तुझी स्क्रीन हिरवी होती. कशी हिरवी होती ते मला विचारू नकोस.

आई तुझी चौकशी करते. मी सांगते, मेला. मग ती रडते. मग मी सांगते, नाही मेला. असा आमचा दिवस जातो.

येऊ नकोस.

ताई


३ जुलै

टिल्ल्या,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, अर्ज तो. प्रत्येक ओळीत "माफ कर", आणि शेवटी, "ताई, स्क्रीन हिरवी कशी होती?" जे विचारू नकोस म्हटलं तेच विचारायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड. सांगते. पण आधी इकडचं ऐक.

तू गेल्यावर लोकांनी सगळ्या स्क्रीन फोडल्या. घण घेऊन फोडल्या. पट्ट्यावरच्या बायका चपलेने फोडत होत्या, चपलेने फुटत नाही हे कळूनही. एक स्क्रीन भिंतीतून उखडून टाकीत टाकली. पात्यांनी तिचा भुगा केला, भुगा लगद्यात मिसळला, आणि पलीकडून जो पांढराशुभ्र कागद निघाला त्यात काच चमकत होती. सगळे पोट धरून हसले. मग तो माल वह्यांच्या कारखान्यात गेला आणि तिथे कागद कापणाऱ्या एका बाईचा तळवा उभा चिरला. निरोप आला तेव्हा कुणी हसलं नाही. मी तर नाहीच.

साहेब गप्प बसतील असं वाटलं होतं का तुला? त्यांनी काळ्या कपड्यातले राखणदार आणले, माना नसलेले. पाळी सुटायच्या वेळी गेट लावून घेतलं आणि विचारलं, फोडलं कुणी? मग त्यांनी घुम्याला पुढे ओढलं. "बोल," म्हणाले. तो कशाला बोलतोय! एक ठेवून दिली. "बोल." पुन्हा एक. आमचे लोक ओरडून सांगत होते की अरे, तो कधीच बोलत नाही, त्याच्या लग्नात बायकोनेच दोघांच्या वतीने बोलून घेतलं. राखणदारांना वाटलं, गडी पक्का आहे, यालाच सगळं ठाऊक असणार. बरगड्या मोडल्या त्याच्या. पडल्यावरही लाथा चालूच होत्या. मला हे तुझ्या भाऊजींनी सांगितलं, आणि सांगताना त्यांनी चहाची कपबशी भिंतीवर फोडली.

आता नव्या स्क्रीन आल्यात, लोखंडी पिंजऱ्यात. शेजारी दंडुकेवाला. लोक निमूट कार्ड टेकवतात. साहेब खूश आहेत, म्हणतात, "बघा, स्वीकारली की नाही सिस्टीम?"

आता तुझा प्रश्न. तुझी सिस्टीम माणूस आत आहे की बाहेर एवढंच सांगणार होती ना? ती मिनिटंही मोजते, हे तू वर्गात सांगितलं नाहीस. तुला वाटलं असेल, ही काय सांगायची गोष्ट. साहेबांना मात्र ती बरोबर सापडली. रोज सकाळी गेटावर मोठ्या अक्षरांत नावं लागायला लागली, टाकीत कोण "रेंगाळला". अरे, चिखलात गुडघाभर उभं राहून तारा कापणारा माणूस रेंगाळतो? रेंगाळणाऱ्याचा पगार कापायचा, आणि वर त्याच्या पोरीबाळींनी येता-जाता गेटावर बापाचं नाव वाचायचं.

म्हणून लोकांनी युक्ती काढली. एक जण उतरला, की वर उभा असलेल्याने लगेच त्याचं कार्ड टेकवायचं, बाहेर आला म्हणून. स्क्रीन हिरवी, मिनिटं बंद, काम सावकाश. धोका नव्हता असं आम्हाला वाटायचं, कारण काचेच्या खोलीत आपलाच माणूस असायचा. तो रंग बघायचाच नाही, खिडकीतून वाकून हाक मारायचा, "आहे का रे कुणी?" सगळ्या कारखान्याला हे माहीत होतं, फक्त तुला आणि साहेबांना नव्हतं. आणि त्या दिवशी त्या माणसाला उठवून खुर्चीवर तू बसलास, साहेबांना यंत्र चालवून दाखवायला. तू रंगावर विश्वास ठेवलास. तुझ्या सिस्टीमवर विश्वास ठेवणारा तू एकटाच होतास रे.

तू लिहिलंयस, माणसाला नव्याची भीती वाटते, हळूहळू सवय होते. खुळा आहेस. पट्ट्यावरच्या बाईकडे तुझ्यापेक्षा भारी फोन आहे. लोकांना स्क्रीनची भीती नाही, स्क्रीनमागून बघणाऱ्या साहेबांची आहे. ज्याने जीव वाचवायचा त्यानेच पगार कापायचा म्हटलं, की माणूस त्याला फसवणारच.

माझं कार्ड त्या दिवशी कुणी टेकवलं? टेकवलं कुणीतरी. तिथे गर्दी होती.

ताई


२४ जुलै

टिल्ल्या,

साहेब घरी येऊन गेले. फळं आणली होती आणि एक नोकरी. म्हणाले, "बाई, तुम्ही स्क्रीनपाशी बसा. लोक तुमचं ऐकतात. तुमच्याकडे बघून त्यांना नियम पाळायचं कळेल." म्हणजे माझा थोटा हात पुढे करून लोकांना शिकवायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त माझ्याकडे दाखवायला हातही नाही. मी हो म्हटलं. घरी बसून आईचं आणि तुझ्या भाऊजींचं तोंड बघण्यापेक्षा बरं.

तुझ्या भाऊजींचं काही खरं नव्हतं. धड जेवत नव्हते. भिंतीवर मुठी आपटायचे, तुझं नाव निघालं की ताट भिरकवायचे. मी म्हणायचे, बायकोचा हात गेला, माणूस पिसाळणारच. आई एकदा म्हणाली, "इतका राग दुसऱ्यावर नसतो गं कुणाचा." म्हाताऱ्या माणसांना कधीकधी गप्प बस म्हणावं लागतं. मी म्हटलं.

परवा काय झालं ते लिहिते.

घुम्या बरगड्यांना पट्टा बांधून कामावर आलेला. पात्यांना तारा गुंडाळल्या, तो उतरला. वर तुझे भाऊजी. घुम्याचा शर्ट खुंटीला होता. आणि माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, भाऊजींनी त्या शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं आणि टेकवलं. काही विचार करून नव्हे. आपण घरात शिरताना चपला काढतो तसं. स्क्रीन हिरवी झाली. दंडुकेवाल्याने पाहिलं आणि जांभई दिली, कार्ड टेकवलं जातंय ना एवढंच त्याला बघायचं होतं. काचेच्या खोलीत आता साहेबांनी नवा माणूस बसवलाय, हाक न मारणारा.

भोंगा वाजला.

टिल्ल्या, मी धावले कशी ते मला आठवत नाही. भिंतीवरची मोठी दांडी, यंत्रांची वीज तोडायची, ती दोन हातांनी ओढायची असते. मी डाव्याने धरली आणि तिला लोंबकळले, पाय भिंतीला लावून. ती आली खाली. तोवर पाती अर्धा फेरा फिरली होती. घुम्याच्या गमबुटाची टाच कापून गेली, पाय राहिला. त्याचा आवाज मी कित्येक वर्षांत पहिल्यांदा ऐकला. माणसाचा वाटत नव्हता.

मग मी वळले आणि नवऱ्याला मारलं. भर कारखान्यात, पाळीच्या सगळ्या माणसांसमोर. डाव्याने मारलं, पुरेना, मग उजव्याने मारलं. उजव्याला बोटं नाहीत हे अजून त्याला कळलेलं नाही. भरत आलेली जखम फुटली, त्यांचं तोंड माझ्या रक्ताने भरलं. मी थांबले नाही. नाकाचं हाड मोडल्याचं मला कळलं, तरी थांबले नाही. ते हलले नाहीत की हात वर केला नाही.

"मार," म्हणाले. "तुझंही कार्ड मीच टेकवलं होतं."

सगळे ऐकत होते. मीही ऐकलं, पण मला ते नवं नव्हतं. कार्ड मीच उतरताना त्यांच्या हातात दिलं होतं. "लावा हो लगेच, उद्या गेटावर माझं नाव नको," असं म्हणून दिलं होतं. मुकादम मी, नाव लागलं असतं तर लाज गेली असती. नंतर आम्ही दोघं एकाच घरात राहिलो, एकाच ताटात जेवलो, आणि हे एकमेकांना बोललो नाही. तुझे दात पाडून बरं वाटायचं, तुझ्या नावाने ताटं फेकून बरं वाटायचं. मीही तुला पहिल्या पत्रात शिव्या घालून पोटभर बरं वाटून घेतलं.

तू बटण दाबलंस हे खोटं नाही. पण आता तेवढंच खरं नाही.

ताई


२ ऑगस्ट

टिल्ल्या,

तू पाठवतो म्हणतोस त्या औषधाच्या पैशांचं राहू दे. ऐक, मी साहेबांना टाकीत उतरवलं.

घुम्याच्या प्रकारानंतर ते म्हणाले, आणखी कडक करू, दुसऱ्याचं कार्ड टेकवेल त्याला हाकलू. पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हटलं, "साहेब, एकदा स्वतः उतरून बघा तरी, तारा कशा गुंडाळतात." माणूस तसा भित्रा नाही, कबूल केलं पाहिजे. गमबूट चढवले, कार्ड टेकवलं, कोट तुझ्या भाऊजींच्या हातात दिला, उतरले. दांडी मी आधीच खाली ओढून ठेवली होती, म्हणजे भोंगा वाजेल पण पातं हलणार नाही. हे आम्हाला माहीत होतं, त्यांना नव्हतं. दंडुकेवाल्याला चार जणांनी चहाला नेलं होतं. त्याच्याच दंडुक्याने नेलं.

ते तळाला पोचल्यावर घुम्याने शिडी वर ओढली. मी कोटातून कार्ड काढून टेकवलं आणि वाकून हाक मारली, "साहेब, स्क्रीन हिरवी झाली. तुम्ही बाहेर आला आहात."

आधी हसले. "काय चेष्टा करता, बाई."

"मी नाही, सिस्टीम म्हणतेय. यंत्र चालू करू?"

घुम्याने भोंगा दाबला.

तू ते ऐकायला हवं होतंस. नाही, बरं झालं तू नव्हतास. ते भिंतीवर चढायला गेले, लगद्याने बुळबुळीत झालेली भिंत, घसरून पात्यांवरच पडले, पुन्हा चढले. नखं उचकटून निघाली. आई, आई म्हणत होते. वर सगळे उभे राहून बघत होते, आणि मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं नाही. मला गोड वाटलं. माझा हात ठणकत होता तोही थांबला, इतकं गोड वाटलं. हे तुला लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

मग मी वरूनच बोलणी केली. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. गेटावरची नावं उद्यापासून बंद. मिनिटं मोजणं सिस्टीममधूनच काढून टाकायचं. दंडुकेवाले गेटाबाहेर. आणि टाकीपाशी काय बसवायचं ते टाकीत उतरणाऱ्यांना विचारून बसवायचं. सगळ्याला हो म्हणाले. वर आल्यावर शब्द फिरवतील, पोलीस आणतील असं वाटलं होतं. नाही आणले. आणले असते तर पँट ओली झाली तेही सांगावं लागलं असतं.

मग आमची सभा झाली. निम्मे म्हणाले, स्क्रीन पुन्हा फोडू, खिळ्यांचा फळा परत लावू. मी म्हटलं, फळा काय सोन्याचा होता? खिळा रिकामा दिसला तर थांबायचं ते माणसाने. माझ्या आधीचा मुकादम घाईत होता, त्याने फळ्याकडे बघितलं नाही, आणि घुम्याचा थोरला भाऊ तिथेच गेला. तेव्हापासून घुम्या घुम्या आहे. घाईतल्या माणसाला काय लाल, काय हिरवं आणि काय रिकामा खिळा. बटणच मेलं पाहिजे.

तुझे भाऊजी इतका वेळ मोडकं नाक धरून मागे बसले होते. ते उठले आणि खडूने जमिनीवर काढून दाखवलं. फळा तसाच, खिळ्याच्या जागी खाच. खाचेत बिल्ला बसला की तार जुळणार. एक जरी खाच रिकामी असली तरी बटण मुकं. उतरणाऱ्याने आपला बिल्ला गळ्यात घालून न्यायचा, म्हणजे वर कुणी कितीही शहाणपणा केला तरी यंत्र हलायचं नाही. स्क्रीन राहू दे, म्हणाले, काचेच्या खोलीत कळू दे कोण आत आहे ते. फिटर माणूस, जोडणी त्यांना येते, पण तुझ्या सिस्टीमच्या पोटात हात घालायला तूच हवास.

"त्यालाच बोलव," म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

तुला मारणार नाहीत असं वचन मी मागितलं. मिळालं नाही. "बघू," म्हणाले लोक. मी गेटाशी उभी राहीन, तारा ओढायचा लोखंडी आकडा घेऊन. डाव्या हाताने आता बरा चालतो तो. ये. हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं आणू नकोस.

ताई


३० ऑगस्ट

टिल्ल्या,

पळालास. जाताना आईला तोंडही न दाखवता पळालास.

आलास तेव्हा किती चांगलं चाललं होतं. पहिल्या दिवशी लोक तुझ्या वाटेवर थुंकले, तू पुसून पुढे गेलास. दुसऱ्या दिवशी वरून एक पाना तुझ्या डोक्याशेजारी पडला. चुकून पडला असं कुणी म्हणालंही नाही. तू तो उचलून परत वर नेऊन दिलास, "तुमचा पाना" म्हणून. तेव्हापासून हवा बदलली. मग पट्ट्यावरच्या बायका सांगायला लागल्या, खाच इतकी अरुंद नको, हातमोजे घालून बिल्ला बसत नाही. तू रुंद केलीस. घुम्याने तुझी बाही धरून ओढलं आणि फळा त्याच्या खांद्याच्या उंचीला आणायला लावला. तू आणलास. वर्गात तू बोलायचास आणि ते झोपायचे. आता ते बोलत होते आणि तुला झोपायला सवड नव्हती. शेवटी तुझ्या भाऊजींनी तुलाही एक बिल्ला ठोकून दिला, तूही टाकीत उतरतोस म्हणून. त्या दिवशी सकाळी यंत्र चालू झालं तेव्हा सगळ्या खाचा भरलेल्या होत्या, आणि त्यांत एक तुझी होती. मी बघितलं तेव्हा माझा ऊर भरून आला. तुला म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

मग दुपारी ते झालं. तू शेवटची तपासणी करून टाकीतून वर आलास, बिल्ला अजून गळ्यातच, आणि भाऊजी समोर उभे. हातात तोच लोखंडी रूळ. त्यांनी तो तुझ्या हातात दिला.

"फेडून घे."

"नको, भाऊजी. झालं ते झालं."

"मार म्हणतो ना. मला झोप लागत नाही."

तू एक मारलास, हलकाच, त्यांचं समाधान म्हणून. दुसरा हलका नव्हता. तिसऱ्याला खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी लांबून ऐकला. तू थांबेनास. ते खाली बसले तरी थांबेनास. मी मधे आले तेव्हा तुझा हात वरच होता, आणि तू माझ्याकडे बघितलंस, आणि क्षणभर तुला समोर कोण आहे ते कळलं नाही. मग कळलं. रूळ टाकलास आणि सुटलास तो गेटाबाहेर, बिल्ला छातीवर उड्या मारतोय. तुझ्या तोंडावर जे होतं ना, ते मी आरशात पाहिलंय, घुम्याच्या दिवशी. म्हणून मला तुझी भीती वाटत नाही. तूही स्वतःला भिऊ नकोस.

भाऊजी बरे आहेत. डावा हात गळ्यात बांधलाय. आता आम्हा दोघांत मिळून दोन हात चालतात, त्यांचा उजवा आणि माझा डावा. काल मी कांदा धरला, त्यांनी चिरला. त्या दिवशी दवाखान्यातून आले, पोटभर जेवले आणि घोरायला लागले. आईने शेजारणीला सांगितलं, जावई पडला. जावई मात्र शेजाऱ्याला सांगतो, मेव्हण्याने हाणला, आणि सांगताना चेहरा असा करतो की बक्षीस मिळालंय.

हे सगळं नंतर बोलू. मी लिहितेय ते वेगळ्याच कामासाठी. कारखाना बंद आहे.

तू बिल्ला घेऊन गेलास. तुझी खाच रिकामी. बटण दाबलं, यंत्र हलेना. साहेब आले, फळा बघितला, म्हणाले, "अरे, तो तर पळाला, मी डोळ्यांनी पाहिला गेटातून जाताना. त्या खाचेत एक पत्र्याचा तुकडा घाला आणि चालू करा."

कुणी हललं नाही. याच लोकांनी कार्डाला फसवलं होतं, टिल्ल्या. स्क्रीन घणाने फोडणारे हेच. पत्र्याचे तुकडे तिथे ढिगाने पडलेत, लहान मूलही घालील. साहेबांनी गेटावरचा एक राखणदार बोलावला. तो पत्रा घेऊन पुढे आला तसा घुम्या फळ्यासमोर उभा राहिला. माझा आकडा होता त्याच्या हातात. राखणदाराने हात पुढे केला, घुम्याने मनगटावर हाणला. हाड वाजलं. पत्रा कुठल्या कुठे उडाला. राखणदार हात धरून खाली बसला, आणि साहेब ओरडले, "अरे, कुणी नाहीये आत!"

घुम्या बोलला. सगळ्यांनी ऐकलं, पट्ट्यावरच्या बायका साक्षीला आहेत.

"खिळा रिकामा आहे," म्हणाला. "आत माणूस आहे."

मग तो तिथेच खाली बसला, आणि एकेक करत बाकीचे बसले. तुझे भाऊजी गळ्यातला हात सांभाळत बसले. साहेबांनी टाकीत वाकून बघितलं, आपलाच आवाज घुमलेला ऐकला, आणि तेही एका गठ्ठ्यावर टेकले. तिथून मागेच झाले ते, फळ्याच्या जवळ गेले नाहीत. टाकीत कसं वाटतं ते त्यांना आता माहीत आहे.

बिल्ला पोस्टाने पाठवशील, मला ठाऊक आहे तुझा स्वभाव. पाठवू नकोस. आला तरी मी घेणार नाही, आणि घेतला तरी लावणार नाही. दुसऱ्याचा बिल्ला दुसऱ्याने लावायचा नाही. हे एकदा विसरले त्याची खूण मी मनगटावर घेऊन फिरतेय.

गेटाशी कुणी तुला अडवणार नाही. तुझा दात आईच्या पेटीत आहे, तोही घेऊन जा. आई विचारते तेव्हा मी आता मेला म्हणत नाही. फळा सांगतो तेच सांगते.

तुझा खिळा रिकामा आहे, टिल्ल्या. तू अजून आतच आहेस. वर ये.

ताई